दोन तासांत सॅन फ्रान्सिस्को

तिकिटावर एकाच तारखेच्या दोन वेळा छापलेल्या होत्या. दिल्लीहून प्रस्थान १० जानेवारी २०१९, पहाटे चार. सॅन फ्रान्सिस्कोला आगमन १० जानेवारी २०१९, सकाळी सहा. तिकीट हाती आले त्या संध्याकाळी मी ते नीट न वाचताच भाचीला कळवून टाकले, की मी अकरा तारखेला सकाळी पोचतो आहे. एवढ्या लांबच्या प्रवासात एक रात्र तरी मोडणारच, हे मी मनाशी धरूनच चाललो होतो. अर्ध्या तासात तिचा फोन आला.

"मामा, तिकिटाचा फोटो पाठव बघू," ती म्हणाली, आणि तो पाहिल्यावर हसायलाच लागली. "अरे, तू दहालाच येतो आहेस! मी अकराला आले असते, तर पूर्ण एक दिवस बाकावर बसून राहिला असतास."

चूक माझीच होती, पण तिच्यामुळे एक खूळ डोक्यात शिरले. घड्याळाप्रमाणे दोन तासांचा हा प्रवास प्रत्यक्षात किती तासांचा आहे आणि किती किलोमीटरांचा आहे, हे स्वतः मोजून पाहिल्याखेरीज विमानात बसायचे नाही असे मी ठरवले. निघायला तीन आठवडे होते. प्रश्न एका संध्याकाळचा आहे, अशी माझी समजूत होती.

सुरुवात भिंतीवरच्या जगाच्या नकाशापासून केली. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन ठिपक्यांवर पट्टी ठेवली, तेव्हा ती इराण, भूमध्य समुद्र, अटलांटिक आणि अमेरिकेचा अख्खा पट्टा ओलांडून गेली. ही रेषा सरळ दिसते म्हणून ती सर्वांत जवळची, असे वाटणे स्वाभाविक आहे; पण सपाट नकाशावरची सरळ रेषा आणि गोल पृथ्वीवरची सर्वांत जवळची वाट यांचा फारसा संबंध नसतो. भिंतीवर टांगलेले पुष्कळ नकाशे मर्केटर या नकाशाकाराच्या १५६९ सालच्या पद्धतीवर बेतलेले असतात. ती पद्धत जहाजाला एकाच दिशेने सुकाणू धरता यावे यासाठी काढलेली होती, अंतरे मोजण्यासाठी नव्हे. तिच्यात ध्रुवांकडचा प्रदेश इतका ताणला जातो, की ग्रीनलँड आफ्रिकेच्या तोडीचे दिसू लागते.

मग भाचीच्याच लहानपणीचा पृथ्वीगोल माळ्यावरून खाली काढला. त्याचा व्यास तीस सेंटिमीटर होता, म्हणजे परीघ सुमारे चौऱ्याण्णव सेंटिमीटर. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर धरला, तर गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास ४२५ किलोमीटर. शिवणाचा दोरा घेऊन त्याचे एक टोक दिल्लीवर दाबले, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा हळूहळू ताणत गेलो. तो ताणला जाताना सरकत सरकत आपोआप वर गेला: तिबेट, चीनचा वायव्य कोपरा, सैबेरिया, आर्क्टिक महासागराचा एक कोपरा, मग अलास्का आणि कॅनडाचा पश्चिम किनारा. पट्टीने मला पश्चिमेला नेले होते, आणि दोरा मला जवळजवळ नाकासमोर उत्तरेला नेत होता. दोरा मोजला तर एकोणतीस सेंटिमीटर भरला. म्हणजे १२,३०० किलोमीटरांच्या थोडे वर. गोलावर अशा ताणलेल्या दोऱ्याची जी रेषा उमटते, तिला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात, आणि दोन शहरांमधले 'हवाई अंतर' म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो या रेषेवरचाच असतो.

दोऱ्यावर पूर्ण विश्वास बसेना, म्हणून गणित मांडले. शाळेतल्या त्रिकोणमितीच्या पलीकडचे त्यात काही नाही. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार घ्यायचा. दोन्हींच्या कोसाइनांचा गुणाकार करून त्याला रेखांशांमधल्या फरकाच्या कोसाइनने गुणायचे. या दोहोंची बेरीज ज्या कोनाचा कोसाइन असेल, तो कोन म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी त्या दोन शहरांमध्ये होणारा कोन. दिल्लीचा विमानतळ उत्तर २८.५७ आणि पूर्व ७७.१० अंशांवर आहे, तर सॅन फ्रान्सिस्कोचा उत्तर ३७.६२ आणि पश्चिम १२२.३८ अंशांवर.

पहिल्यांदा उत्तर आले ४,३०० किलोमीटर. एवढ्यात तर जपानही येत नाही. बराच वेळ डोके खाजवल्यावर लक्षात आले, की पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचे राहिले होते. कुतूहलापोटी पूर्व १२२.३८ अंशांवर बोट ठेवून पाहिले, तर ते चीनच्या शांतुंग द्वीपकल्पाच्या टोकाशी, समुद्रात पडले. एका चिन्हाच्या चुकीने मी पॅसिफिकच्या अलीकडेच उतरलो होतो. चिन्ह सुधारल्यावर कोन आला १११.३ अंश. पृथ्वीवर बृहद्वृत्ताचा एक अंश सुमारे १११.२ किलोमीटरांचा असतो, त्यामुळे शेवटचा गुणाकार एकशे अकराला जवळजवळ एकशे अकरानेच गुणण्याचा झाला, आणि हा योगायोग मला उगाचच आवडला. उत्तर सुमारे १२,३८० किलोमीटर. दोऱ्याने फारसे फसवले नव्हते.

अशी अंतरे काढून देणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, त्यांतली तीन पाहिली. एकावर ७,६९० च्या आसपासचा आकडा होता, दुसऱ्यावर ६,६८० च्या, आणि तिसऱ्यावर माझ्याजवळ येणारा. तिन्ही बरोबर होते. पहिला नेहमीच्या मैलांत होता, दुसरा सागरी मैलांत. सागरी मैल १,८५२ मीटरांचा असतो आणि अक्षांशाच्या एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, भरतो, म्हणून विमानचालनात आजही तोच चालतो. किलोमीटरांच्या आकड्यांतही दहा-वीसांचा फरक पडतो, त्याला दोन कारणे आहेत: कोणी शहराच्या मध्यापासून मोजतो तर कोणी विमानतळापासून, आणि पृथ्वी पुरती गोल नाही. तिची विषुववृत्ताकडची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवाकडची ६,३५७. हा फरक कितीही मोहक असला तरी प्रवाशाने त्यात वेळ घालवू नये. मी एक संध्याकाळ घालवली.

अंतर मिळाल्यावर वेळ काढणे सोपे वाटले. मोठे प्रवासी विमान शांत हवेत ताशी ९०० किलोमीटरांच्या आसपास जाते. १२,३८० ला ९०० ने भागले, तर पावणेचौदा तास येतात. उड्डाण आणि उतरणे यांच्या संथ गतीसाठी अर्धा तास जास्त धरला, तर सव्वाचौदा. बहुतेक संकेतस्थळे हेच करतात. आता तिकीट तपासू. जानेवारीत कॅलिफोर्नियाची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या आठ तास मागे असते आणि आपली साडेपाच तास पुढे, म्हणजे दोन्हींत साडेतेरा तासांचा फरक. (उन्हाळ्यात तिकडे घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा तो साडेबारा होतो, या एका तासावर पुष्कळांची फसगत होते.) तिथले सकाळचे सहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. पहाटे चारपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत साडेपंधरा तास. माझ्या हिशेबापेक्षा सव्वा तास जास्त.

या सव्वा तासाचा उलगडा काही अंशी व्याख्येतच आहे. वेळापत्रकातला काळ धावपट्टी सोडल्यापासून धावपट्टीला टेकेपर्यंतचा नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा तो असतो. त्यात रांगेत थांबणे, धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, शिवाय नेहमीच्या विलंबासाठी हातचे राखलेले थोडे, असे सगळे येते. पण एवढ्याने माझे समाधान झाले नाही, कारण मधल्या काळात वाचताना मला त्याहून मोठी गोष्ट सापडली होती: हे विमान मी मोजलेल्या वाटेने जातच नव्हते.

दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को ही एअर इंडियाची विनाथांबा सेवा आधी युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली आणि विमान पूर्वेला, बांगलादेश, म्यानमार, चीन आणि जपानवरून पॅसिफिक ओलांडून पाठवायला सुरुवात केली. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे १,४०० किलोमीटरांनी लांब. तरीही विमान साडेचौदा तासांत पोचले, पहिल्यापेक्षा जवळजवळ दोन तास लवकर.

हा आकडा मी तीनदा वाचला. कारण अर्थात वारा. मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट वारे हिवाळ्यात सर्वांत जोरकस असतात, आणि जपानच्या परिसरात तर त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरांच्याही पलीकडे जातो. त्यांची पहिली पद्धतशीर नोंद १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून केली होती. त्याने आपले निष्कर्ष एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत प्रसिद्ध केले, आणि बाहेरच्या जगाने त्यांची दखल घेतली नाही. विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटर जाते. ती हवाच पुढे सरकत असेल, तर जमिनीच्या तुलनेत तो वेग अधिक होतो. पश्चिमेला जाताना तीच हवा अंगावर येते.

मग दोऱ्याने दाखवलेली सर्वांत जवळची वाट का घेत नव्हते? तिथे वाऱ्याची मदत नाही, हे एक. दुसरे असे, की त्या वाटेवर निघाल्यानिघाल्या हिमालय आणि तिबेटचे पठार येते. कक्षातला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला विमान चटकन सुमारे दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटरांपर्यंत, खाली आणावे लागते. प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू सर्वसाधारणपणे पंधरा-वीस मिनिटेच पुरतो. तिबेटची जमीनच साडेचार किलोमीटर उंचीवर असल्याने खाली यायला जागा नसते. तिसरी अडचण दोन इंजिनांच्या विमानांची. एक इंजिन बंद पडले, तर ठरलेल्या मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेत सतत हाताशी असावा लागतो. हा नियम कागदापुरता नाही: जून २०२३ मध्ये याच दोन शहरांदरम्यानचे एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मागादान येथे उतरवावे लागले, आणि प्रवाशांना दुसरे विमान येईपर्यंत तिथेच थांबावे लागले.

शिवाय कोणत्या देशाचे आकाश कोणाला खुले आहे, हाही प्रश्न असतोच. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पाकिस्तानने आपले आकाश काही महिने बंद ठेवले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडू लागला. एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांवर पुन्हा तीच पाळी आली. संकेतस्थळांवरचा किलोमीटरांचा आकडा या सगळ्यात जराही हलला नाही.

प्रवासाच्या दिवशी मी एक लहान वही बरोबर घेतली आणि मनगटावरचे घड्याळ परत येईपर्यंत बदलायचे नाही असे ठरवले. विमान ४.१० ला जागेवरून हलले आणि ४.३६ ला त्याने जमीन सोडली. समोरच्या पडद्यावर उंची, बाहेरचे तापमान आणि जमिनीच्या तुलनेतला वेग दिसत होता. दर तासाला ते आकडे मी टिपत गेलो. शेजारच्या बाईंनी दोन-तीन तास हा प्रकार पाहिला आणि शेवटी विचारले, "तुम्ही विमान कंपनीत आहात का?" नाही म्हटल्यावर त्यांनी पांघरूण डोक्यावरून घेतले.

पहिल्या तासात वेग ताशी साडेनऊशेच्या आसपास होता. पावणेदोन तासांनी, म्यानमारच्या सीमेजवळ कुठेतरी, पंखाच्या टोकामागे सूर्य उगवला. चीनवरून जाताना आकडा हजाराच्या पुढे गेला, आणि जपान ओलांडताना मी वहीत लिहिले: वेग १,१३०, बाहेर उणे ५८ अंश. त्या तापमानाला ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. म्हणजे पडद्यावरचा आकडा ध्वनीच्या पुढे होता आणि चहाचा कप मात्र हललाही नव्हता, कारण ध्वनीशी तुलना करायची ती भोवतीच्या हवेच्या संदर्भात, आणि त्या हवेत आमचे विमान नेहमीच्याच चालीने चालले होते. वाहत्या नदीत पोहणाऱ्याला काठावरून पाहिले तर तो वेगवान दिसतो, तसेच हे.

निघून आठ तास होतात न होतात तोच मागच्या बाजूला सूर्य मावळला. जेमतेम सहा तासांचा दिवस. पूर्वेला जाणारा प्रवासी उगवतीकडून येणाऱ्या रात्रीला स्वतः सामोरा जातो, त्यामुळे दिवस दोन्हीकडून चेपला जातो. त्यानंतर केव्हातरी आम्ही १८० अंश रेखांश, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाररेषा, ओलांडली. तेव्हा मी जागा होतो, पण पडद्यावरच्या नकाशाखेरीज तिची कुठलीच खूण नव्हती. खाली काळोख आणि पाणी. पॅसिफिक किती मोठा आहे, हे वहीतल्या एकामागून एक आलेल्या सारख्या नोंदींवरून कळत होते.

माझ्या घड्याळात संध्याकाळचे ६.५१ झाले असताना चाके जमिनीला लागली. म्हणजे हवेतला काळ बरोबर सव्वाचौदा तास. माझ्या कागदावरचे उत्तरही हेच होते, आणि एक क्षणभर मी खूश झालो. नंतर वहीतल्या तासागणिक वेगांची बेरीज केली, तर कापलेले अंतर १४,९०० किलोमीटरांच्या घरात आले. सरासरी वेग ताशी १,०४५. मी अंतर अडीच हजार किलोमीटरांनी कमी धरले होते आणि वेग जवळजवळ दीडशेने कमी धरला होता. दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या, आणि उत्तर जुळले. परीक्षेत पायऱ्या चुकून उत्तर बरोबर आलेल्या मुलाला गुरुजी अर्धेच गुण का देत, हे त्या वेळी पुरते पटले.

स्थानिक वेळ होती पहाटे ५.२१. ठरल्यापेक्षा लवकर पोचलो होतो, पण पारपत्र तपासणीच्या रांगेत तेवढा वेळ सव्याज परत गेला. दिल्लीत उड्डाणाआधीचे तीन तास, इथला दीड तास आणि दोन्हीकडचा रस्ता धरला, तर दारापासून दारापर्यंत मला एकवीस तास लागले. हा आकडा कोणतेही संकेतस्थळ सांगत नाही. भाचीच्या गाडीतून जाताना डाव्या हाताला उपसागरावर सूर्य उगवला. दहा जानेवारीचा तो माझा दुसरा सूर्योदय होता.

परतीचे विमान २ फेब्रुवारीला सकाळी साडेनऊचे होते आणि दिल्लीला पोचण्याची वेळ ३ फेब्रुवारी, दुपारी तीन. ते पॅसिफिकवरून मागे आले नाही. समोरून येणारे वारे टाळण्यासाठी तेही पूर्वेलाच निघाले: कॅनडा, अटलांटिक, युरोप, काळा समुद्र, कॅस्पियन आणि मग दक्षिणेला दिल्लीकडे. म्हणजे जाताना पूर्वेला आणि येतानाही पूर्वेलाच, आणि मध्ये कुठेही न वळता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी. २०१७ साली याच सेवेने केवळ महिला कर्मचाऱ्यांच्या तुकडीकडून अशीच प्रदक्षिणा करवून घेतली होती, हे मला नंतर वाचायला मिळाले.

या विमानात मला हिशेबाची एक सोपी युक्ती सुचली. जातानाच्या तिकिटावरचा घड्याळी फरक होता दोन तास, येतानाचा साडेएकोणतीस. दोन्हींची बेरीज साडेएकतीस, आणि तिच्यात प्रमाणवेळेचा फरक उरतच नाही, कारण एकदा तो वजा झालेला असतो आणि एकदा मिळवलेला. निम्मे केले की पावणेसोळा तास: जाण्यायेण्याची सरासरी, जगाची घड्याळे न उघडता. मधल्या काळात तिकडे उन्हाळी वेळ सुरू झालेली किंवा संपलेली नसावी, एवढीच अट. साडेतेरा की साडेबारा हा घोळ मग घालावा लागत नाही, आणि भाचीला चुकीची तारीख कळवण्याचाही संभव राहत नाही.

१५२२ मध्ये मॅगेलनच्या मोहिमेतले उरलेले खलाशी पश्चिमेला जात जात पृथ्वी फिरून केप व्हर्ड बेटांवर पोचले, तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. रोज नेमाने लिहिलेल्या रोजनिशीतून एक अख्खा दिवस कसा गळाला, याचा त्यांना उलगडा होईना. मी उलट्या दिशेने फिरलो होतो. दिल्लीला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशी उभा असताना वहीच्या मागच्या पानावर मोजले: १० जानेवारी ते ३ फेब्रुवारी या काळात दिल्लीत पंचवीस वेळा सूर्य उगवला होता, माझ्यासाठी सव्वीस वेळा. मनगटावरचे घड्याळ मात्र भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटागणिक जुळत होते.